वर्सोव्यातली थंडी

माझी बोटं थंडीत कामातून जातात, हे मला कुणी ऐकवलेलं खपत नाही. मधुकरने ते सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात अख्ख्या क्लबसमोर ऐकवलं. "शकु, गेल्या वर्षी नारकंड्याहून उतरताना तुझी बोटं बधिर झाली, ब्रेक दाबता आला नाही. मध्ये दगड आला म्हणून दरीत गेली नाहीस. यंदा थंडीत अर्धा तास ब्रेक दाबून दाखव, मग तुझं नाव यादीत घालतो."

मधुकर आमच्या मुलुंडच्या सायकल क्लबचा म्होरक्या. दर जानेवारीत आम्ही शिमल्यापासून नारकंड्यापर्यंत घाटातून, बर्फातून सायकली हाणायचो. मरोळच्या कारखान्यात रेडिओचे सुटे भाग जोडत मी वर्षभर त्या आठ दिवसांची वाट बघायचे. "अंधेरीत थंडी आणू कुठून? तुझ्या घरातून?" असं म्हणून मी तणतणत निघाले. तो बरोबर बोलत होता, म्हणून तर जास्त राग आला.

तोड काढली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. "अगं, आपला गुणाजी आहे ना वर्सोव्याला, बर्फाच्या कारखान्यात! मासळी ठेवायची थंड खोली आहे त्यांची. जा, माझं नाव सांग." गाववाला म्हटला की अण्णांना चिठ्ठीसुद्धा लागत नाही.

रविवारी सकाळी मी घरात होतं नव्हतं ते सगळं अंगावर चढवलं. दोन स्वेटर, त्यावर रेनकोट, माकडटोपी आणि लोकरीच्या हातमोज्यांचे दोन जोड, एकावर एक कोंबलेले. तशीच सायकल मारत वर्सोव्याला निघाले. नाक्यावर एक रिक्षावाला ओरडला, "मॅडम, हिमालय उधर है!" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घामाने चिंब होऊन पोहोचले. गुणाजीकाकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि थंड खोलीचं दार उघडलं. त्यांच्या डोक्यावर कानटोपी, अंगात स्वेटर आणि हातात चामड्याचे ढगळ मोजे. माशांच्या पेट्यांमध्ये मी सायकल स्टँडवर लावली आणि ब्रेक दाबू लागले. सातव्या मिनिटाला बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. पाठीवरचा घाम गार पडला, दात वाजायला लागले. वाट लागली! मी तिथेच, पापलेटांसमोर, रडायला लागले.

काकांनी दंडाला धरून मला बाहेर आणलं, उन्हात बसवलं, चहा दिला. मग सुरू झाले. "घामान भिजलंस आणि तशीच आत इलंस? आणि ह्ये इतके घट मोजे कित्याक गो? रगात फिराक नको?"

चार रविवार त्यांनी मला शिकवलं. चढताना अंगावर कमी घालायचं, घाम येऊ द्यायचा नाही. उतार लागायच्या आधी थांबून कोरडी बंडी घालायची, छातीवर वर्तमानपत्राची घडी, त्यावर स्वेटर, वरून वारा अडवायला रेनकोट. हातात आधी सुती मोजे, त्यावर एक माप मोठे चामड्याचे. "छाती गरम, तर बोटा गरम," ते म्हणायचे. मी दर वेळी वाद घालायचे आणि दर वेळी हरायचे.

पाचव्या रविवारी मधुकर घड्याळ घेऊन आला. मोठ्या ऐटीत माझ्याबरोबर आत शिरला आणि सहाव्या मिनिटाला बाहेर पळाला. मी पस्तीस मिनिटं ब्रेक दाबले. दाराबाहेरून तो ओरडला, "बस कर गं बाई, घातलं नाव!"

जानेवारीत नारकंड्याच्या उतारावर, गेल्या वर्षीच्या त्याच वळणावर, मी ब्रेक दाबला आणि सायकल गुमान थांबली. दगडाशेजारी उभी राहून मी मोठ्याने म्हटलं, "काका, थँक्यू हो!" मागून येणाऱ्यांना वाटलं, हिला थंडी चढली.

परत आल्यावर पहिल्या रविवारी वर्सोवा गाठलं. काकांसाठी शिमल्याहून मऊ लोकरीचे, आत अस्तर लावलेले हातमोजे आणले होते. ते खूप खूश झाले. "माका? शिमल्यासून?" म्हणत त्यांनी हातातले चामड्याचे मोजे काढले. इतक्या दिवसांत त्यांचे उघडे हात मी बघितले नव्हते. दोन्ही हातांची बोटं काळपट, वाकलेली, टोकाला चकचकीत. काका नवा मोजा घालायला गेले, तर दोन बोटं एकाच घरात शिरली. त्यांना ते कळलंच नाही.

"काका, हे कधी झालं?"

"पयल्याच दोन वर्सांत. आता काय कळणा नाय बोटांक."

"आणि मला शिकवलंत ते सगळं? तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माका कोणी सांगूक नाय गो," ते हसले. "म्हणान तर तुका सांगलंय."

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, हात मांडीवर घेतला आणि मोजा काढून पुन्हा घालायला लागले. एकेक बोट धरून त्याच्या त्याच्या घरात सरकवलं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गेला काय गो आत?" त्यांनी विचारलं.

"गेलं, काका," मी म्हटलं आणि दुसरा हात घेतला.