सुगंधाच्या नावाचा धवला

ओल्या हळदीला एक मातकट, किंचित उग्र गंध असतो. नामीमावशी आठवली की आधी तो गंध येतो आणि त्याच्यामागून तिचा आवाज. तो गोड नव्हता. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्यात वाळलेला, मध्येच चिरकणारा, पण एकदा उठला की मांडवाच्या झावळ्यांपर्यंत चढत जाणारा. ती धवलारीण होती. आगरी लग्नात भटजीच्याही आधी मान धवलारणीचा. तिने धवले गाऊन देवांना आणि कुळातल्या मृतांना आवतण द्यायचे, मगच वधूच्या अंगाला हळद लागायची. ऐन तारुण्यात विधवा झालेली ही बाई आसपासच्या गावांतल्या मुलींचे संसार आपल्या कंठातून मांडून देत असे.

नव्वदचे दशक नुकतेच लागले होते. नवऱ्याला तळोज्याच्या कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून मी साताऱ्याकडून आले आणि नावड्याजवळच्या गावात मावशीच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहू लागले. भातशेते जाऊन तिथे धुरांडी उगवली होती. संध्याकाळचा प्रकाश पिवळट, आजारी होऊन अंगणात उतरे. त्या प्रकाशात मावशीची एकुलती लेक सुगंधा मासळी साफ करता करता आईच्या ओळी गुणगुणे आणि आई चुकली की हसून दुरुस्त करी.

सुगंधाच्या लग्नात धवले मावशीनेच गायिले. नवरा रमाकांत खाडीपलीकडच्या गावचा, घर भरलेले. पहिली मुलगी झाली, तेव्हा सासरहून कुणी तोंड पाहायलाही आले नाही. दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि पोट पडले. का पडले, हे कुणी विचारले नाही. भर वैशाखात सुगंधा मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके घालून माहेरी आली, तेव्हा मात्र मावशीने बाह्या वर केल्या आणि कितीतरी वेळ ती नुसती त्या हातांकडे पाहत राहिली. गावकी बसली. पुरुषांनी समजूत काढली, की भांड्याला भांडे लागायचेच, आणि सुगंधाला परत नांदायला धाडले.

त्याच पावसाळ्यात तिला सरकारी इस्पितळात आणले. केळीच्या पानावर निजवलेली ती देहाकृती, तिच्यावर लोंबणारी मच्छरदाणी, आणि त्या जाळीमागून येणारा, सुगंधाचा म्हणून ओळखावा लागणारा आवाज. मी मावशीजवळ उभी होते.

"रॉकेल त्यानंच वतला, आये."

"मंग हवालदाराला सांग ना गो तसा!"

"नको. माजी पोर तिकरंच हाय ना."

हवालदाराला तिने स्टोव्हचा भडका उडाल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. कागदावर भडका राहिला. नात सासरीच ठेवून घेतली गेली. मावशी तिला पाहायला जाई आणि दारातूनच परत येई.

मावशी पुढे पुन्हा गाऊ लागली. पोट होते, आणि दुसरे काही येत नव्हते. अशातच उरणकडच्या एका अनोळखी गावातून हळदीचे आवतण आले. सोबतीला मी गेले. पाटावर बसलेली वनिता कोवळी, घाबरलेली. पुढ्यात ओल्या हळदीचे ताट. धवल्यात वराचे नाव गुंफायचे असते, म्हणून मावशीने वधूच्या आईला सहज विचारले,

"पोराचा नाव काय गो?"

"रमाकांत. बिजवर हाय, पन घर चांगला हाय. पयली बायको भाजून मेली बिचारी."

आईने गावाचेही नाव सांगितले. मावशीच्या हातातली अक्षत तशीच राहिली. ती उठेल असे मला वाटले. तिने डोळे मिटले. देवांची आवतणे सावकाश, एकही न गाळता गाऊन झाली आणि मृतांची पाळी आली.

"ये गो सुगंधे, ये गो बाय,
तुजे दाल्ल्याची हलद हाय;
अंगाव तुजे रॉकेल व्हता,
आगपेटी त्याचे हातान् हाय."

दाल्ला म्हणजे नवरा, हे त्या मांडवात कुणाला समजावून सांगावे लागले नाही. बायकांचे हात हळदीतच थांबले. वनिताने मान वर करून मावशीकडे रोखून पाहिले. मग पुरुष धावून आले. आम्हा दोघींना दंडाला धरून मांडवाबाहेर काढले. वधूची आई पदराने तोंड दाबून रडत होती, पण मांडव घातला होता, पाहुणे आले होते, आणि चार लोकांत अब्रू जाण्यापेक्षा मुलगी गेलेली पुष्कळ घरांना परवडते. दुसऱ्या दिवशी लग्न लागले. मावशीच्या तोंडून अपशकुन येतो अशी आवई उठली आणि तिला कुणी बोलावीनासे झाले. ती कंपन्यांत झाडू मारू लागली.

दोन-एक वर्षांनी, उन्हाने अंगण पांढरे पडले होते अशा एका दुपारी, दारात वनिता उभी राहिली. पायांत चपला नव्हत्या. लुगड्याला रॉकेलचा वास येत होता, आणि तिच्या बोटाला धरून पाच-सहा वर्षांची एक मुलगी होती.

"तुमी गायलाव ता मी इसरली नवती," ती धापा टाकत म्हणाली. "अंगाव रॉकेल पडला नि मी थांबलीच नाय. हिलापन उचलली. हिला तिथं कशी ठेवू?"

नातीने मावशीला ओळखले नाही. ती वनिताच्या मागे लपली. मावशीने घंगाळात पाणी ओतले, वनिताला मोरीत नेले आणि तिच्या पाठीवरचा तो वास साबण लावून लावून धुऊ लागली. भिंतीपलीकडे मला पाण्याचा आवाज आणि त्यात मिसळलेले दोघींचे रडणे बराच वेळ ऐकू येत राहिले.

रमाकांतला काही झाले नाही. त्याने तिसरे लग्न केले. वनिताला माहेरच्यांनी घेतले नाही, ती नातीसकट मावशीकडेच राहिली. पुढे आमची बदली झाली, गाव सुटले. गेलेले माणूस परत येत नाही आणि त्याची जागाही कधी भरत नाही. परंतु त्या रिकाम्या जागेतूनच एखाद्या जिवंत जिवाला निसटून जाण्यापुरती वाट मिळते, एवढीच काय ती स्मृतीची दया.