बाराशे सात नंबरची फीत

मी संगणकातले आकडे साठवणारी एक जुनी चुंबकीय फीत आहे, मित्रांनो. जे सांगायला मी जन्मले, ते आता माझ्यापाशी नाही.

हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत मी परदेशातून आले. तेव्हा फिती मिळणे महाकठीण. म्हणून फीतघर सांभाळणारे हणमंतराव आमच्यावरच्या चिठ्ठीवर नाव पेन्सिलीनेच लिहायला लावत. नाव पुसायचे, फीत पुन्हा वापरायची, असा त्यांचा शिरस्ता.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये सूर्य खवळला आणि पृथ्वीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र हादरले; यालाच चुंबकीय वादळ म्हणतात. विजेचा भार असलेले वेगवान कण, म्हणजे आयन, पृथ्वीला वेढा घालून फिरू लागले. एका उपग्रहाने ते मोजले आणि ते आकडे माझ्यावर उतरले. काय अभिमान वाटला मला! पण संस्थेत प्रबंधासाठी आलेल्या नवख्या वैशालीचा एवढ्या मोठ्या आकड्यांवर विश्वासच बसेना. उपग्रहावरचे यंत्र बिघडले असणार, असे ठरवून तिने त्या आकड्यांबद्दल माझ्यावर लिहिले, 'खराब'. चार वर्षे मी फळीवर धूळ खात पडले. कोणी साधे वळूनही पाहिले नाही.

मग देशात बाहेरचा माल मोकळेपणी येऊ लागला. संस्थेतही नवे संगणक यायचे ठरले. जुन्या संगणकातले सारे उतरवून ठेवायला हणमंतराव फिती शोधू लागले.

त्याच सुमारास वैशालीच्या हाती एक परदेशी अहवाल पडला. दुसऱ्या उपग्रहानेही त्या दिवशी तेवढेच आकडे मोजले होते! आपल्याच हवेतला ऑक्सिजन त्या वेढ्यात किती मिसळला, हे मात्र फक्त माझ्यावर होते. तिचा अडलेला प्रबंध त्यानेच पुरा होणार होता. ती धावत फीतघरात आली.

"काका, बाराशे सात कुठंय?"

"ती? सोमवारीच पुसली की, ताई. नवीन माहिती भरली तिच्यावर. तुमच्याच हातचं 'खराब' होतं ना?"

वैशाली मटकन स्टुलावर बसली. हणमंतराव गोंधळले. "एक बार विचारायला पाहिजे होतं मी. माफ करा."

"तुमचं काय चुकलं, काका? यंत्र चांगलंच होतं. मीच घाई केली."

तिने मला मांडीवर घेतले. तो शब्द खोडरबराने पुसला. एका झटक्यात गेला तो. मग पेनाने लिहिले, 'येथे वादळ होते.' तिचे डोळे भरून आले आणि मला तिची फार कीव आली.

आता मला वाचणारे यंत्रही भंगारात गेले आहे. मित्रांनो, न उमगलेल्या गोष्टीला खराब म्हणण्याआधी जरा थांबत जा. मला पुसायला चारच मिनिटे लागली होती.