सीट गेटवर मिळेल

सुट्ट्यांच्या दिवसांत विमानतळावर जो माणूस हसतमुख दिसेल, तो एक तर पहिल्यांदाच आलेला असतो किंवा त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नसतं. अकरा वर्षं मी एका विमान कंपनीच्या काउंटरवर उभी आहे. लोकांना काय सांगायचं नाही, हेच आमचं निम्मं काम.

त्या दिवशी मात्र मी काउंटरच्या अलीकडे, लोकांच्या बाजूला होते. माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. सव्वादोन वर्षं तो घरी आलेला नाही. बाबा गेले तेव्हाही भर समुद्रात होता. आता त्याचं जहाज एका बंदरात एकच दिवस थांबणार होतं आणि संध्याकाळी सहापर्यंत त्याला बाहेर पडायची परवानगी होती. "ताई, येशील का गं?" एवढंच त्याने फोनवर विचारलं. आमच्या कंपनीचं विमान तिकडे जात नाही. मी दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं आणि तीन जणींच्या हातापाया पडून ड्यूटी बदलून घेतली. विमान अकराचं होतं, पुढचं थेट रात्री.

सकाळी फोनवर बोर्डिंग पास आला. सीट नंबरच्या जागी एक ओळ होती : 'सीट गेटवर मिळेल.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही ओळ मी स्वतः हजारो लोकांना गोड आवाजात ऐकवलेली आहे. तिचा अर्थ असा, की जागा एकशे ऐंशी आणि तिकिटं विकली एकशे अठ्ठ्याऐंशी. एरवी आठ-दहा जण येतच नाहीत, त्या भरवशावर हा धंदा चालतो. सुट्ट्यांत सगळे येतात. तापाने फणफणलेला माणूससुद्धा गोळी घेऊन येतो. मग आठ जणांच्या तोंडाला पानं पुसावी लागतात, आणि ते आठ कोण हे आधीच ठरलेलं असतं.

गेटवर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं फरशीवर आडवी झालेली, मोबाइल चार्ज करायच्या एका प्लगवरून दोन बाया हमरीतुमरीवर आलेल्या. मी रांगबिंग न बघता सरळ टेबलापाशी घुसले, तर पलीकडे छोटी.

छोटी माझ्याच हाताखाली शिकली आणि दोन वर्षांपूर्वी या कंपनीत गेली. मला बघून तिचा चेहरा उतरला. तिने समोरच्या यादीवर हात ठेवला, तेव्हाच मी काय ते समजले.

"मला काढलंस?"

"ताई, आईशप्पथ, नाव बघितलंच नाही मी. एकटा प्रवासी, बॅग खाली दिलेली नाही, एवढंच बघून खुणा केल्या. बॅग दिलेली असली की शोधून उतरवावी लागते ना."

"एकटेच बरे सापडतात गं तुम्हाला! ती बारा जणांची पलटण दिसत नाही? त्यातला एखादा मामा काढ की."

"एक मामा काढला तर बाराच्या बारा अंगावर येतात. एकटं माणूस दोन प्रश्न विचारतं आणि जातं. त्यातून म्हातारं असेल तर थँक्यूसुद्धा म्हणतं." ती घुटमळली. "तुम्हीच शिकवलंत, ताई."

मीच शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात, चहा पिता पिता, वर हसून. नियमात आहे की आधी स्वखुशीने कोण थांबतंय ते विचारा. पण विचारत बसलं की विमानाला उशीर होतो आणि त्याचं खापर आमच्या डोक्यावर फुटतं. मला छोटीचा राग आला, तिच्या कंपनीचा आला, माझ्या कंपनीचा आला. सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला, पण तिथे ओरडायची सोय नव्हती.

म्हणून छोटीवरच ओरडले. भाऊ, जहाज, सहा वाजता, बाबा, सगळं एका दमात. लोक वळून बघायला लागले, तसा तिने माझा हात धरला.

"हळू, ताई. करते काहीतरी." तिचं बोट यादीवरून खाली सरकलं. "यांना काढते. एकटेच आहेत, बॅगही नाही."

इथे मी नको म्हणायला हवं होतं. घड्याळात दहा पस्तीस झाले होते. "काढ," मी म्हटलं.

तिने मला नवा पास छापून दिला आणि त्यांचं नाव पुकारलं, तसे एक म्हातारे गृहस्थ उठून आले. इस्त्रीचा शर्ट, आणि कागदी पास चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांत धरलेला. छोटी गोड आवाजात म्हणाली, "सर, सीटची थोडी अडचण झालीये. रात्रीच्या विमानात तुमची सोय करतो."

"बरं," ते म्हणाले. "पण मला दुपारपर्यंत पोहोचायचं होतं."

कशासाठी, ते छोटीने विचारलं नाही. आम्ही विचारत नाही. विचारलं की काम अवघड होतं. तिने एक कागद पुढे सरकवला. 'मी स्वखुशीने थांबत आहे,' असं त्यावर छापलेलं होतं, आणि ते मुकाट्याने खिशात पेन चाचपायला लागले.

माझा तोल गेला. "अहो, सही काय करताय! ओरडा ना! तिकीट आहे तुमच्याकडे. टेबलावर मूठ आपटा! गप्प राहता म्हणूनच तुम्हाला काढतात!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या नव्या पासकडे. त्यावर बारा सी लिहिलं होतं. त्यांच्या पासवरही तेच.

"माझी सीट तुम्हाला दिली का?"

"हो," मी म्हणाले.

"मग मी ओरडू कुणावर?"

टोमणा नव्हता तो. ते खरंच उत्तरासाठी थांबले होते. शेवटची सूचना झाली, तशी मी त्यांच्या बाजूने निघून विमानात शिरले आणि बारा सीवर बसले.

दोन वाजता बंदराच्या फाटकाशी भावाने मला घट्ट मिठी मारली.

"रडतेस काय गं, ताई?" तो म्हणाला.

"तुला बघून," मी म्हणाले.