तापलेला ढीग

"वरवरचं काढू नकोस, मधलं काढ," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला दिसलं, की तिच्या जागी बदलीवर आलेल्या मुलीने पोकळ सळई आधीच ट्रकच्या पोटात पार मुठीपर्यंत खुपसली होती.

"मधलंच काढतेय ताई," मुलगी हसून म्हणाली.

ते हसणं तिला झोंबलं. बाळंतपणाच्या रजेवरून ती आजच कामावर परतली होती. या वीज कारखान्यातला कोळसा बंद झाला आणि त्याच्या जागी वाळकी धाटं, भुसा, टरफलं जाळायला सुरुवात झाली, तेव्हापासून माल तपासायचं काम तिचं. ट्रकच्या मधला मूठभर माल काढायचा, तोलायचा, भट्टीत सुकवायचा, पुन्हा तोलायचा. वजन घटेल तेवढं पाणी. ओला निघाला की ट्रक आल्या वाटेने परत. ड्रायव्हर तिला 'ओलावाताई' म्हणत, आणि ती दिसली की कपाळाला हात लावत.

"ताई, आलात होय?" एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला. "कोळसाच बरा होता बघा. त्याला कुणी पोटात काय आहे म्हणून विचारत नव्हतं."

"आणि काका, कोळशावर पण येता येता वजनासाठी पाणी मारत होतात का?" मुलगी म्हणाली.

सगळे खो खो हसले. तो म्हाताराही. तिच्या वेळी हेच वाक्य भांडणावर गेलं असतं.

माल तपासायच्या खोलीतही तिची नजर चुका शोधत राहिली. वाट्या लहानमोठ्या लावून ठेवलेल्या. तराजूवर कापड. भट्टीचं बिघडलेलं दार दुरुस्त. नाव ठेवायला कुठे म्हणून जागा नव्हती, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, "इथे जागा एकच. दोघींचं काम बघतो आणि संध्याकाळपर्यंत ठरवतो. दुसरीला काट्यावर बसावं लागेल." काट्यावर म्हणजे फाटकाजवळच्या खोक्यात बसून ट्रकचं वजन टिपायचं.

दुपारी तिने घरी फोन लावला.

"रडतोय का गं?"

"छे गं वहिनी! मस्त खेळतोय," नणंद म्हणाली. "बाटली चाटूनपुसून संपवली. तुझी आठवणसुद्धा नाही आमच्या छोट्या साहेबांना. तू निवांत काम कर."

बिचारीने धीर द्यायला म्हटलं होतं. हिने मात्र हातातला घास परत डब्यात ठेवला. डबा तसाच झाकून ती आवारात गेली.

मागच्या भिंतीशी भुशाचा एक ढीग इतरांपासून सुटा पडला होता. सवयीने तिने बाही वर सारून कोपरापर्यंत हात आत घातला आणि झटकन बाहेर ओढला. आत चांगलंच तापलं होतं. ओला भुसा दाबून राहिला की आतल्या आत कुजतो, तापतो, आणि एखाद्या दिवशी काडी न लावता पेटतो. खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. इतका, की ती जवळजवळ धावतच साहेबांकडे गेली, आणि वाटेत ढीग ओढणाऱ्या लोडरवाल्यालाही हाक मारली. साक्षीला कुणीतरी हवंच.

"हात घाला साहेब. ओला माल घेतलाय कुणीतरी."

साहेबांनी हात घातला. मुलगी ओले हात पुसत आली.

"हो साहेब, हाच तो. माल कोरडाच घेतला होता, पण ताडपत्री फाटली आणि पाणी मुरलं. सकाळी हाताला गरम लागला म्हणून या दादांना वेगळा ओढायला सांगितला. जेवण झालं की पसरणारच होतो."

लोडरवाल्याने मान डोलावली.

"ताईंनी पण लगेच ओळखलं बघा," मुलगी म्हणाली. त्यापेक्षा तिने चारचौघांत टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

साहेबांनी संध्याकाळची वाट पाहिली नाही. "तुम्ही काट्यावर बसा," ते तिला म्हणाले. "बसून काम, उन्हातान्हात हिंडणं नाही. बाळ लहान आहे, तुम्हालाच सोयीचं."

"हो साहेब. सोयीचंच आहे."

आपल्या वस्तू घ्यायला ती खोलीत गेली. ही बाळाला पाजायची वेळ. घरी ते बाटलीने पोट भरून झोपलं असेल, पण तिच्या अंगाला कुणी सांगितलं नव्हतं. छाती दगडासारखी ठणकत होती. ब्लाउज पुढून भिजला. तिने घाईने पर्स छातीशी धरली, तोच मुलगी दारात आली.

मुलीने पाहिलं. फळीवरचा धुतलेला पेला काढून टेबलावर ठेवला, खिडकी लावून घेतली, बाहेर जाऊन दार ओढलं आणि तिथेच पाठ लावून उभी राहिली.

"मॅडम, माल बघता ना?" बाहेरून आवाज आला.

"थांबा काका."

"किती वेळ?"

"लागेल तेवढा. ट्रक उन्हात राहू दे, तेवढाच सुकेल."

पुन्हा हशा. ही मुलगी धड रागही करू देत नव्हती. आत ती भिंतीकडे तोंड करून वाकली. दुधाची पहिली धार पेल्याच्या तळाशी वाजली, तशी तिने पेला चटकन तिरपा केला. दारापलीकडे आवाज जायला नको होता.