चौथ्याच्या मुलाचं नाव

चौथा हे काही त्याचं नाव नव्हे. पण दुकानात, गल्लीत, सासुरवाडीला, जिथे जाईल तिथे तो चौथाच. नवी गिऱ्हाइकं विचारायची, "म्हणजे तुमच्या आधी तीन भावंडं का हो?" तो नुसता हसायचा. खरं तर तो आईचा एकुलता एक होता.

झालं होतं असं, की तो शाळेत गेला तेव्हा त्याचं नाव भलतंच चलतीत होतं. एकाच वर्गात त्या नावाचे चौघे निघाले. बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी चौघांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे आकडे देऊन मोकळ्या झाल्या. पहिल्याचा आकडा वरच्या वर्गात गेल्यावर गळून पडला, दुसऱ्या-तिसऱ्यानं शाळाच बदलली. याचा मात्र चिकटला तो चिकटलाच. हा किस्सा तो चारचौघांत रंगवून सांगायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. आत कुठेतरी बारीक टोचायचं, ते कुणाला कळत नसे.

पोटापाण्याचा उद्योगही असा मिळाला की रोज नावांशीच गाठ. वर दोन खोल्यांचं घर, खाली दुकान. दुकान मालकीणबाईंचं. टॉवेल, टोप्या, लहान मुलांच्या दुलया यांवर मशीननं नाव भरून द्यायचं, हे काम तो एकवीस वर्षं करत होता. जी नावं फार खपतात ती रिकाम्या वेळात आधीच भरून ठेवायची, अशी दुकानाची रीत. गिऱ्हाईक आलं की ड्रॉवर उघडायचा आणि दुलई हातात ठेवायची. गेली काही वर्षं त्या ड्रॉवरमध्ये एका दोन अक्षरी नावाचं राज्य होतं. आठवड्याला दहा-बारा दुलया त्या एकाच नावाच्या जायच्या. ते नाव भरताना चौथ्याला कापडाकडे बघावंही लागत नसे.

आणि त्याच्या बायकोला आपल्या मुलासाठी नेमकं तेच नाव हवं होतं.

"दोन अक्षरी, गोड, कुणाच्याही तोंडात बसेल असं," ती म्हणाली. पोर तेव्हा सव्वीस दिवसांचं होतं आणि नोंदणीला चार दिवस उरले होते.

"गल्लीत हाक मारलीस तर सहा पोरं धावत येतील."

"येऊ देत की. सहांना बिस्किटं देईन."

चौथ्यानं एका जाडजूड पुस्तकातून वेगळंच नाव शोधून काढलं होतं. सहा अक्षरी, त्यात दोन जोडाक्षरं, आणि अर्थ सांगेपर्यंत समोरच्याचा चहा गार व्हावा असं. या नावाचं दुसरं माणूस आसपास नाही, याची त्यानं पक्की चौकशी केली होती. ते त्यानं बायकोला म्हणून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पोर रस्त्याच्या कडेला गेलं आणि मी हाक मारली, तर तुझं नाव संपेपर्यंत ते पलीकडे पोचेल," ती म्हणाली. "नाव हाक मारायला असतं रे, भिंतीवर टांगायला नाही."

मग काय, ज्याला तोंड आहे त्यानं मत दिलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "छोटंच ठेवा. लांब ठेवलं तरी लोक कापून छोटं करतातच, मग आपणच कापलेलं काय वाईट?" मालकीणबाईंनी सहा अक्षरी नाव कागदावर लिहून चक्क पट्टीनं मोजलं. "हे टोपीवर घालायचं तर टोपी दोन डोक्यांची शिवावी लागेल," त्या म्हणाल्या. एरवी त्यांच्या विनोदांना सगळ्यात मोठ्यानं तोच हसायचा. या वेळी त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

त्याला भीती एकच होती, आणि ती बोलून दाखवायला जीभ रेटत नव्हती. उद्या कुणीतरी आपल्या पोराला रांगेत उभं करील आणि त्याच्या हातावर एक आकडा ठेवील. पुढे जन्मभर पोर त्यावरच हसत बसेल.

शेवटी नोंदणीच्या आदल्या दुपारी त्यानं स्वतःच सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. बायको वर झोपली होती. तिला स्वस्थ झोपू द्यावं म्हणून त्यानं बाळाला खाली आणून टॉवेलांच्या टोपलीत निजवलं. मालकीणबाई जेवायला गेल्या होत्या. खास राखून ठेवलेली आकाशी दुलई त्यानं रिंगमध्ये ताणली आणि गडद निळ्या रेशमाचं रीळ लावलं. एकदा का सहा अक्षरं दुलईवर उतरली की बायको काय बोलणार? भरलेलं नाव उसवता येतं, पण कापडाला भोकं राहतात, हे तिलाही ठाऊक होतं. कावेबाजपणाच होता हा. पण पोटच्या पोरापायी माणूस याहून वाईट गोष्टी करतो.

मशीन सुरू झालं. काचेतून आलेलं ऊन रिळांच्या फळीवर पसरलं होतं, आणि रंग एकमेकांत उतरत असल्यासारखे दिसत होते. महिनाभराची जागरणं डोळ्यांत साठलेली. मशीनची घरघर आणि बाळाचा श्वास हळूहळू एकच झाले. डोळे उघडे होते, हात चालू होते, पण समोरची भिंत मागे सरकत चालली होती.

मग ड्रॉवरमधून पोरं बाहेर येऊ लागली. दुलया पांघरलेली, अनवाणी. एकवीस वर्षांत त्यानं ज्यांची ज्यांची नावं भरली ती सगळी. कुणी रांगत होतं, कुणाला मिसरूड फुटलं होतं. दुकान भरलं, पायऱ्या भरल्या, रस्ता पार वळणापर्यंत भरला. कुणी गडबड करत नव्हतं, सगळी कसली तरी वाट बघत उभी होती. त्यांत आपलं पोर कुठलं ते चौथ्याला कळेना. सहा अक्षरं आठवायला गेला तर पहिलंच अक्षर सापडेना. शेवटी त्यानं ते दोन अक्षरी नाव पुकारलं.

शेकडो तोंडं त्याच्याकडे वळली. एकेकानं त्याला निरखून पाहिलं, हे काही आपले बाबा नव्हेत असं ओळखलं आणि तोंड पुन्हा फिरवलं. रागानं नाही, अगदी सहज. एकच तेवढा दुलई सावरत त्याच्याकडे यायला निघाला.

तेव्हा त्याला शाळेचं फाटक आठवलं. स्वप्नात आठवलं की जागेपणी, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. शाळा सुटली की आई फाटकापाशी उभी राहून हाक मारायची आणि चौघेही मान वळवायचे. तिघे परत खेळायला लागायचे. दप्तर आपटत पळत जायचा तो हा एकटा. चौघे वळायचे, एवढंच त्यानं इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं. आपण पळत जायचो, हे तो साफ विसरला होता.

मशीन थांबलं होतं. आकाशी दुलईवर गडद निळ्या रेशमात, एक टाकाही न चुकता, दोन अक्षरी नाव भरलेलं होतं. सवयीच्या हातांनी धन्याला विचारलंच नव्हतं.

चौथ्यानं उसवायची कात्री उचलली. थोडा वेळ तशीच हातात धरली. मग ठेवून दिली.

संध्याकाळी त्यानं दुलई बायकोपुढे ठेवली.

"हरलास?" ती म्हणाली.

"हात हरले," तो म्हणाला, आणि मग त्यानं तिला फाटकाची गोष्ट सांगितली. या खेपेला रंगवून नाही. आई जाऊन आठ वर्षं झाली होती, लग्न त्यानंतरचं. "ती गेल्यापासून मला माझ्या नावानं कुणी हाक मारली नाही बघ," तो बोलून गेला. बायको बराच वेळ दुलईची घडी घालत होती आणि मोडत होती.

दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या खिडकीपाशी कारकुनानं बाळाचं नाव ऐकलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "या महिन्यातलं हे एकोणिसावं."

बायकोनं धसकून नवऱ्याकडे पाहिलं.

"असू दे," चौथा म्हणाला. "आम्हाला घरी न्यायला एकच आहे."

"वडिलांचं नाव?"

चौथ्यानं तोंड उघडलं, पण बायको आधी बोलली. तिनं त्याचं नाव सांगितलं. आता कुणी ठेवत नाही असं, जुन्या चलतीचं नाव. लग्नाला सहा वर्षं झाली, पण हे नाव तिच्या तोंडून त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"परत एकदा म्हण," तो म्हणाला.

"अहो, लिहिलंय मी," कारकून म्हणाला. "नीट ऐकू आलं."

"तुम्हाला नाही हो. तिला म्हणतोय."

तिनं खिडकीकडे पाठ केली, बाळाला खांद्यावर नीट घेतलं, आणि या वेळी नाव सांगितलं नाही, हाक मारली.

त्यानं ओ दिली.