लंगड्या पाटाची घसरगुंडी

मी पाट आहे. जेवायला बसायचा, सागवानी, चारही कोपऱ्यांत पितळी फुलं असलेला. हसू नका, पण मी पाण्यावरून घसरलोही आहे. नागपुरात समुद्र नाही म्हणून काय झालं, पाणी दिसलं की इथलीही माणसं वेडी होतात.

देवाजी सुताराने मला विश्वनाथरावांच्या लग्नासाठी घडवलं. तेव्हापासून घरात मानाचा पाहुणा आला की मी त्याच्याखाली. माणसाचा मान किती जड असतो, ते मला विचारा.

पंचाहत्तर सालची गोष्ट. विश्वनाथरावांच्या अरुंधतीचं लग्न ठरलं. मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात, त्याचे वडील महादेवराव गांधीबागेत कापडाचे व्यापारी. मुलगा अरुंधतीला फार आवडला होता, भाजी निवडतानासुद्धा ती उगाच हसायची.

पोळा झाल्यावर दोन्ही घरांनी हिंगण्यापलीकडच्या बंधाऱ्यावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेल्या रोडग्यांची पार्टी ठरवली. व्याह्यांना बसायला म्हणून मलाही नेलं. बंधाऱ्याच्या शेवाळलेल्या उतारावरून पाणी सरसरत खालच्या कमरेएवढ्या डोहात पडत होतं. कोणी ट्यूबवर, कोणी घमेल्यात बसून घसरत होतं. विश्वनाथरावांची बहीण यमुताई वर उभी राहून दटावत होती, "खालचा बाजूले झाल्याशिवाय वरच्यानं निघाचं नाही."

विश्वनाथरावांनी मला उलटा टाकला, माझ्या दोन आडव्या पायांच्या मधे मांडी घातली आणि सुटले. डोहात पोचून ते नाकातलं पाणी काढत होते, तेवढ्यात वर महादेवराव कणीक मळायच्या परातीत बसले.

"थांबा जी, खाली माणूस आहे," यमुताई म्हणाली.

"वरपक्षानं कधीपासून नंबर लावाचा?" असं म्हणून ते सुटलेच.

परात घणाणली. विश्वनाथरावांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं, माझा एक पाय तुटून डोहात गडप झाला. महादेवरावांची फक्त टोपी वाहून गेली, पण ओरडले तेच.

"व्याह्याच्या आडवे येता? मंग राहू द्या ही सोयरीक."

विश्वनाथरावांनी हात जोडले. चूक नव्हती, पण मुलीचे वडील ना! मला भयंकर राग आला, पण लाकडाला विचारतो कोण? अरुंधतीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तरी ती तशीच पाण्यात उतरली आणि तिने वडिलांचे हात सोडवले.

"काका, मांडवात मान तुमचा. पाण्यात मान पुढच्याचा. बसल्या पंगतीत कोणाच्या मांडीवर जाऊन बसता काय तुम्ही?"

चुलीवर वांग्याची भाजी करपली तरी कोणी हललं नाही.

जेवायच्या वेळी रिवाजाप्रमाणे मला महादेवरावांसमोर मांडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या टेंगळाकडे. मग मला उचललं, विश्वनाथरावांपुढे ठेवलं आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसले. वरबापाने पाट सोडलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

"बसा जी," ते म्हणाले. आणि हळूच, "लई लागलं काय?"

"नाही जी," म्हणत विश्वनाथराव बसले. पण मी एका पायाचा, तिरका. ते घसरत गेले ते थेट व्याह्यांच्या मांडीवर.

आधी महादेवराव हसले, मग सगळेच. दिवाळीनंतर लग्न लागलं.

आता मी अरुंधतीच्या घरी असतो. माझ्यावरून तिची नातवंडं गोट्या घरंगळवतात. माझं मागणं एवढंच, पाण्यात उतरण्याआधी खाली बघा. धडकलातच तर टोपी नंतर शोधा, आधी समोरच्याला लागलं का ते विचारा. आणि तो माझा पाय कधी डोहात सापडला, तर परत आणू नका. मी सरळ झालो, की माझ्यावर बसणारा पुन्हा ताठ होईल.