तपकिरी भिंत

चित्रकलेचे मास्तर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी ताठा काही उतरला नव्हता. पोरं पाठीमागे त्यांना फूटपट्टी म्हणत, आणि ते काही उगाच नाही. एका थोर चित्रकाराचं 'खुर्चीतली बाई' हे चित्र त्यांनी तीस वर्षं शिकवलं, तेही पाठ्यपुस्तकातल्या पानभर छापील नकलेवरून. पुस्तकात जसं, तसंच वहीत. बाईचा झगा हिरवा, मागची भिंत तपकिरी. रंग जुळला तर गुण, नाही तर भोपळा.

त्या चित्रकाराची मूळ चित्रं आता शहरातल्या संग्रहालयात आली होती. त्यांची मुलगी विमा कचेरीत अर्ज तपासायची. तिने रजा काढून तिकिटं आणली. रांगेत मास्तर मागच्या-पुढच्यांना, कोणी विचारलेलं नसताना, तपकिरी रंगाचं मोठेपण समजावत होते. "अहो, सगळं दुःख त्या भिंतीत आहे!"

तिसऱ्या दालनात 'खुर्चीतली बाई' समोर आली. भिंत लाल होती. नुकत्याच कापलेल्या बोटासारखी लालभडक. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. भिंत लालच राहिली.

चौदा वर्षांची असताना मुलगी त्यांच्याच वर्गात होती. तिने भिंत लाल रंगवली होती. "तपकिरीपुढे ती बाई मेल्यासारखी दिसते, बाबा," असं ती म्हणाली, वर्गात 'सर' म्हणायचं हेसुद्धा विसरून. पोरं फिदीफिदी हसली. लेकीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मास्तर जरा जास्तच कडक झाले. स्वतःच्या कुंचल्याने तिच्या लाल भिंतीवर त्यांनी तपकिरी फासला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "तुला रंगाची नजरच नाही." तिने रंगपेटी माळ्यावर टाकली, ती टाकलीच.

"छापखान्याने घोळ घातला," मास्तर पुटपुटले. "तीस वर्षं! नालायक लेकाचे."

"घोळ छापखान्याचा," मुलगी शांतपणे म्हणाली. "माझ्या कागदावर फासलंत ते तुम्ही."

"काका, रेषेच्या मागे उभे राहा," रखवालदार म्हणाला. मास्तर मागे सरले. लाजेने त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. माफी मागायची तर तोंडाला सवय नव्हती.

"तुला तेव्हा कसं कळलं गं?"

"कळलं कुठे? मला तशी दिसत होती, एवढंच."

"बरोबर होतीस तू! बघ, नीट बघ. दहापैकी दहा!" त्यांचा आवाज इतका चढला की चार माणसं वळून बघायला लागली.

मुलीने चित्र या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं, कचेरीत अर्ज पाहते तसं.

"पाहिलं, बाबा. लाल आहे," ती म्हणाली. "मला काहीच वाटत नाही. चला, पुढे पायऱ्या आहेत, हात धरा."